कम्युनिटी कॉलेजात परदेशी भाषा: शेवटच्या पायरीपासून उलटं मोजा

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि तिथे दोन वर्षं काढून तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेणं हा इथला रुळलेला रस्ता आहे. क्युपर्टिनो, फ्रीमॉन्ट, सॅन होजेकडच्या मराठी घरांत आता तो बऱ्यापैकी ठाऊक असतो. पण त्या घरांतली चर्चा गणित, फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सभोवतीच फिरते. भाषेचा विषय निघाला की ‘ते काय, शेवटच्या सेमिस्टरला एक स्पॅनिश टाकून देऊ’ इथे संपतो.

नेमकं तिथेच चुकतं. कम्युनिटी कॉलेजातले बरेच विषय मागे-पुढे करता येतात. इतिहास आधी घेतला काय आणि मानसशास्त्र आधी घेतलं काय, फरक पडत नाही. भाषा मात्र जिन्यासारखी आहे: पहिलीशिवाय दुसरी नाही, दुसरीशिवाय तिसरी नाही, आणि वरच्या पायऱ्या कॉलेज दर सत्रात मांडतंच असं नाही. म्हणून भाषा कोणती घ्यायची हे ठरवायच्या आधी तिच्या शेवटच्या पायरीवर कधी पोहोचायचं आहे ते ठरवा आणि तिथून उलटं मोजत या.

१. भाषा नक्की कशासाठी हवी आहे?

याची तीन उत्तरं असू शकतात आणि प्रत्येकाचा हिशोब निराळा.

पहिलं: फक्त अट पुरी करायची आहे. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बाबतीत पूर्वी ही अट आयगेट्सी या सामायिक अभ्यासक्रमातच होती. इंग्रजीखेरीज एका भाषेत शाळेतल्या दोन वर्षांइतकी गती दाखवावी लागे. २०२५च्या फॉल (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या) सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी आयगेट्सीच्या जागी कॅल-गेट्सी आलं आणि त्यातून भाषेचा रकाना गेला. हे ऐकून बरेच जण भाषा सोडून देतात. पण रकाना गेला तो सामायिक यादीतून. युनिव्हर्सिटीतल्या एखाद्या कॉलेजची पदवीची स्वतःची अट असेल तर ती राहतेच. बर्कलीचं लेटर्स अँड सायन्स घ्या, तिथे पदवीसाठी परदेशी भाषेची अट आहे. ती इथे पुरी केली नाही तर तिथे, चढ्या फीत, करावी लागते.

दुसरं: भाषेतच मेजर (पदवीचा मुख्य विषय) करायचं आहे. मग चारही पायऱ्या हव्यात, म्हणजे भाषेची पूर्ण दोन वर्षं. कुठे कुठे त्याच्या जोडीला साहित्याचा किंवा संस्कृतीचा कोर्सही लागतो.

तिसरं: आवड म्हणून, किंवा नर्सिंग, समाजकार्य, शिक्षकी पेशात उपयोग म्हणून. इथे घाई नाही, पण युनिटांची (कोर्सला मिळणाऱ्या क्रेडिटची) मर्यादा लक्षात ठेवा. कम्युनिटी कॉलेजातली युनिटं यूसी जास्तीत जास्त ७० सेमिस्टर (वर्षात दोन सत्रं) किंवा १०५ क्वार्टर (वर्षात तीन सत्रं) एवढीच मोजते. तिसऱ्या वर्षात शिरायला ६० किंवा ९० लागतात. हौसेच्या भाषेने मेजरच्या कोर्सांची जागा खाऊ नये.

२. मराठी माध्यमातून शिकला असाल तर आधी हे वाचा

आयगेट्सीच्या नियमांत एक वाट आपल्या लोकांच्या फार उपयोगाची आहे. सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं ज्या शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिक्षण झालं, तिथे सी किंवा वरच्या ग्रेडचे गुण असतील तर भाषेची अट पुरी झाली असं धरतात. सहावी-सातवी सातारच्या किंवा डोंबिवलीच्या मराठी शाळेत केली असेल तर ती दोन वर्षं इथे चालतात. जुन्या कॅटलॉगच्या हक्कावर (प्रवेश घेतला त्या वर्षीचेच नियम लागू राहण्याचा हक्क) अजून आयगेट्सीवरच असलेल्यांना हे थेट लागू आहे. कॅल-गेट्सीवर असाल तर ज्या कॅम्पसला जायचंय त्याचा स्वतःचा नियम बघा. अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते, वर्षांचा आकडा वेगळा असू शकतो.

कागद मात्र नीट लागतात. त्या वर्षांच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि ‘शिक्षणाचं माध्यम मराठी होतं’ असं स्पष्ट लिहिलेलं मुख्याध्यापकांचं लेटरहेडवरचं पत्र, सगळं इंग्रजी भाषांतरासह. दाखल्यावर माध्यम लिहिलेलं असेलच असं नाही, म्हणून पत्र वेगळं घ्या. सहावी-सातवीच्या मार्कशीट कुणी जपून ठेवत नाही, ती शाळेच्या रजिस्टरमधून काढावी लागते. गावी कुणी जाणार असेल तर दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेत फोन करून ठेवा, नाहीतर ऑफिसला कुलूप भेटेल.

इंग्रजी माध्यमात मराठी किंवा हिंदी हा विषय घेतला असेल तर ही वाट लागू नाही, पण शाळेत एक भाषा दोन वर्षं विषय म्हणून शिकल्याचा पुरावा म्हणून ती मार्कशीट दाखवता येते का, हे काउन्सेलरला विचारा. उलट बाजूचं एक पथ्य: जी भाषा घरी अस्खलित बोलता तिचाच पहिला वर्ग ‘सोपा ए मिळेल’ म्हणून घेऊ नका. अशा वर्गाची युनिटं युनिव्हर्सिटी नाकारू शकते. हिंदीचा पहिला वर्ग मुंबईत वाढलेल्या मुलासाठी नाही.

३. आता उलटं मोजा

समजा २०२८च्या फॉलला ट्रान्सफर घ्यायची आहे, मेजर जपानी आहे आणि सुरुवात २०२६च्या फॉलला. सेमिस्टरच्या कॉलेजात जपानी १ ते ४ म्हणजे फॉल २०२६, स्प्रिंग २०२७, फॉल २०२७, स्प्रिंग २०२८. चार सत्रं, चार पायऱ्या. शिल्लक शून्य. पहिल्या फॉलला ‘आधी जरा रुळू दे’ म्हणून भाषा टाळली तर चौथी पायरी ट्रान्सफरच्या पलीकडे जाते.

त्यात वरच्या वर्गांची अडचण. पहिल्या पायरीला वर्ग भरून वाहतो, तिसरीपर्यंत येईतो मोजकी डोकी उरतात आणि पटसंख्या कमी म्हणून कॉलेज वर्ग रद्द करू शकतं, सत्र सुरू व्हायच्या तोंडावरही. स्पॅनिशला हा धोका कमी. जर्मन, इटालियन, रशियनला जास्त. म्हणून नाव नोंदवण्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावर मागच्या दोन वर्षांची वेळापत्रकं उघडा आणि ‘३’ आणि ‘४’ हे वर्ग प्रत्यक्षात कधी भरले ते बघा. कॅटलॉगमध्ये कोर्स असणं आणि वेळापत्रकात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅटलॉगवर विसंबून भाषा निवडणारा तिसऱ्या सत्रात अडकतो.

अडकलातच तर दोन दारं आहेत. कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पसवरून दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाइन वर्ग घेता येतो. किंवा उन्हाळी वर्ग. पण पाच युनिटांचा वर्ग सहा आठवड्यांत म्हणजे आठवड्याला पंधरा तासांच्या आसपास नुसतं वर्गात बसणं, गृहपाठ वेगळा. त्यासोबत नोकरी किंवा दुसरा कोर्स झेपत नाही.

४. सेमिस्टर की क्वार्टर

डी अँझा आणि फूटहिल ही क्वार्टरवर चालणारी कॉलेजं. फ्रीमॉन्टचं ओहलोनी, सॅराटोगाचं वेस्ट व्हॅली, सँटा क्लाराचं मिशन सेमिस्टरवर. यूसीत बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर, पदवीचे बाकीचे कॅम्पस क्वार्टरवर.

भाषेसाठी हा फरक मोठा आहे. क्वार्टरच्या कॉलेजात पहिलं वर्ष म्हणजे फ्रेंच १, २ आणि ३. सेमिस्टरच्या कॉलेजात तेच वर्ष फ्रेंच १ आणि २ मध्ये संपतं. त्यामुळे डी अँझात फ्रेंच २ करून ओहलोनीत फ्रेंच ३ ला बसलात तर मधला एक तृतीयांश भाग राहून जातो. आकडा सारखा दिसतो, पायरी सारखी नसते. शक्यतो एक भाषा एकाच कॉलेजात पूर्ण करा.

५. असिस्ट डॉट ऑर्ग

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स यूसी किंवा सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) कशाच्या बदल्यात धरला जातो, हे सांगणारी ही अधिकृत जागा. तुमचं कॉलेज, जायचं ते कॅम्पस आणि मेजर निवडा, करार समोर येतो. त्याची पीडीएफ तारखेसह जपून ठेवा. भाषेच्या बाबतीत दोन गोष्टी बारकाईने बघा. कधीकधी तिकडचा एक कोर्स पुरा व्हायला इकडचे दोन लागतात. त्यातला एकच केला तर हातात काही पडत नाही. आणि ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ (इकडे त्याच्या बदल्यात धरला जाणारा कोर्स नाही) असं लिहिलेलं असेल तर तो कोर्स तिकडे गेल्यावरच करायचा असतो, घाबरायचं कारण नाही.

हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीची परीक्षा) स्पॅनिश किंवा एपी फ्रेंच दिली असेल आणि ३ किंवा वरचा स्कोअर असेल तर तो काउन्सेलरला आधी दाखवा. तेच ज्ञान पुन्हा पहिल्या वर्गात शिकून युनिटं दोनदा पदरात पडत नाहीत.

६. कोणती भाषा

अमेरिकी परराष्ट्र खात्याची शाळा आपल्या अधिकाऱ्यांसाठी स्पॅनिश, फ्रेंचला सुमारे ३० आठवडे धरते आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला ८८. हा हिशोब इंग्रजीभाषकांचा आहे, हे विसरू नका. मराठी माणसाचं गणित थोडं निराळं बसतं. जपानी आणि कोरियनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ‘घरात’, ‘घराला’सारखे प्रत्यय शब्दामागे लागतात, त्यामुळे वाक्य जुळवायला अमेरिकी मुलांना जो घाम फुटतो तो आपल्याला कमी फुटतो. जर्मनची तीन लिंगं तो, ती, ते म्हणत वाढलेल्याला विचित्र वाटत नाहीत, कुठल्या वस्तूचं कुठलं लिंग ते मात्र पाठच करावं लागतं. जपानी, चिनीत खरा वेळ जातो तो लिपीत. तिथे मराठी काही कामाची नाही.

व्यवहार बघायचा तर स्पॅनिश पहिली. वर्ग सगळीकडे, रद्द होण्याची भीती कमी, आणि स्पॅनिशमध्ये ट्रान्सफरची असोसिएट डिग्रीही (दोन वर्षांची पदवी) आहे, जिच्या जोरावर सीएसयूच्या व्यवस्थेत जागेची हमी मिळते. (हमी व्यवस्थेत कुठेतरी जागेची असते, आवडत्या कॅम्पसची नव्हे.) घरी स्पॅनिश बोलत वाढलेल्या मुलांसाठी वेगळे वर्ग असतात. वेळापत्रकात ‘हेरिटेज स्पीकर्स’ लिहिलेला वर्ग चुकून निवडू नका.

आणि एक भाषा आपल्या घरांत कुणाच्या मनातच येत नाही: अमेरिकन साइन लँग्वेज. तिला स्वतःचं पूर्ण व्याकरण आहे, ती हाताने बोललेली इंग्रजी नव्हे, आणि भाषेच्या अटीसाठी यूसी ती मान्य करते. कर्णबधिर मुलांची सरकारी शाळा फ्रीमॉन्टमध्येच आहे आणि ओहलोनी कॉलेज डेफ स्टडीज आणि दुभाष्यांच्या प्रशिक्षणासाठी नावाजलेलं आहे. फ्रीमॉन्टमध्ये राहणाऱ्याला ही भाषा बोलणारा समाज शेजारी मिळतो, जो जर्मन शिकणाऱ्याला मिळत नाही. माझं मत विचाराल तर ज्याला आरोग्य किंवा शिक्षणक्षेत्रात जायचंय त्याने आधी इकडे बघावं.

मराठीच पुढे शिकायची असेल तर ते कम्युनिटी कॉलेजात जमण्यासारखं नाही. मुलांसाठी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत. विद्यापीठाच्या पातळीवर मराठी शिकागोसारख्या थोड्या ठिकाणी शिकवतात.

७. फी आणि व्हिसा

कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरलात तर सेमिस्टरच्या कॉलेजात युनिटमागे ४६ डॉलर, क्वार्टरच्या कॉलेजात ३१. पाच युनिटांची भाषा म्हणजे २३० किंवा १५५ डॉलर, वर किरकोळ शुल्क. अनिवासींना कित्येक पट जास्त.

एच-४ वर (नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्याच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) असलेल्याला शिकायला व्हिसा बदलावा लागत नाही, आणि सत्र सुरू होण्यापूर्वी एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात वास्तव्य व इथेच राहण्याचा इरादा दाखवता आला तर रहिवासी फीही लागू शकते. भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा कर भरल्याचे कागद तयार ठेवा. मूल २१ च्या जवळ आलं असेल तर इमिग्रेशन वकिलाशी आधी बोला. एच-४ संपून एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) गेलं की फीचं सगळं गणित बदलतं.

एफ-१ वाल्यांनी आणखी एक सांभाळायचं. सत्राला किमान १२ युनिटं घ्यावी लागतात आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच, तोही तीन युनिटांपर्यंतच, मोजला जातो. भाषेचे वरचे वर्ग हल्ली बऱ्याचदा ऑनलाइनच असतात. तेव्हा तिसरी-चौथी पायरी प्रत्यक्ष वर्गात कुठे मिळते ते पहिल्या दिवशीच शोधा.

भारतातून पदवी घेऊन आलेल्या जोडीदारांसाठी कडू पण कामाची गोष्ट: पदवी हातात असताना दुसरी बॅचलर्स करायला यूसीचे बहुतेक कॅम्पस घेतच नाहीत. पुण्याची बी.कॉम. असेल तर ट्रान्सफरचं स्वप्न बाजूला ठेवून कॉलेजचं सर्टिफिकेट किंवा थेट मास्टर्स बघा. जुनं शिक्षण अर्जात न लिहिण्याचा सल्ला कुणी देईल, तो मुळीच ऐकू नका. शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं नाव लिहावंच लागतं. लपवलेलं उघड झालं तर मिळालेला प्रवेशही जातो.

८. नाव नोंदवताना

अर्ज ऑनलाइन आणि फुकट. त्यानंतर ओरिएंटेशन आणि काउन्सेलरसोबत बसून केलेला शिक्षणाचा आराखडा हे दोन्ही उरकलं की नोंदणीची तारीख लवकरची मिळते. भाषेच्या वर्गात तीस-पस्तीस जागा असतात, म्हणून ही तारीख महत्त्वाची. जागा भरल्या तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या दिवशी वर्गात हजर राहा. जे येत नाहीत त्यांची नावं शिक्षक काढतात आणि वेटलिस्टवाल्यांना वर्गात नाव घालायचा अ‍ॅड कोड देतात.

थोडीफार भाषा आधीच येत असेल, समजा पुण्यात मॅक्सम्युलर भवनला जर्मनचे एक-दोन स्तर केले असतील, तर पहिल्या वर्गात बसू नका. प्रमाणपत्र दाखवून पूर्वअट पुरी झाल्याचा अर्ज करता येतो. थेट दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला बसलात तर एक सत्र वाचतं, आणि वर मोजलेल्या हिशोबात एक सत्र म्हणजे फार झालं.

पुस्तकाचा खर्च फीपेक्षा जड जाऊ शकतो. भाषेच्या पुस्तकासोबत गृहपाठाचा ऑनलाइन कोड येतो आणि जुन्या पुस्तकातला कोड वापरून झालेला असतो. तोच कोड दोन-तीन सत्रं चालतो का, हे विकत घेण्याआधी शिक्षकांना विचारा. वेळापत्रकात ‘झिरो टेक्स्टबुक कॉस्ट’ची खूण असलेला वर्ग मिळाला तर उत्तमच.

९. वर्ग सुरू झाल्यावर

पाच युनिटं म्हणजे आठवड्याला पाच तास वर्ग आणि दहा तास घरी. आपल्याकडची ‘परीक्षेआधी पंधरा दिवस’ ही पद्धत इथे चालत नाही. रोजच्या तोंडी सहभागाला, छोट्या चाचण्यांना आणि शिक्षकासमोरच्या संभाषणाला गुण असतात. मराठी मुलं लेखी व्याकरणात वर असतात आणि बोलताना गप्प बसतात. शिक्षकांच्या ऑफिस अवरला जाऊन रोज दहा मिनिटं अडखळत बोललात तरी फरक पडतो.

सी मिळाला की तो कोर्स सुधारून ए करता येत नाही, डी किंवा एफ असेल तरच पुन्हा घेता येतो. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच अंदाज घ्या. साधारण तेवढ्या काळात वर्ग सोडला तर फी परत मिळते आणि ट्रान्स्क्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (वर्ग सोडल्याची खूण) लागत नाही. नेमकी तारीख प्रत्येक वर्गाची वेगळी असते, पोर्टलवर दिसते. पास-नो पासचा (अक्षरी ग्रेडऐवजी नुसतं पास-नापास) मोह मेजरच्या भाषेसाठी टाळा. यूसी तशी एकूण १४ सेमिस्टर युनिटंच धरते आणि मेजरला अक्षरी ग्रेडच लागते.

१०. अर्जाचं वर्ष

यूसीचा अर्ज १ ऑगस्टला उघडतो, भरायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ यांपैकी एका कॅम्पसशी हमीचा करार (ठरलेल्या अटी पाळल्या तर प्रवेश नक्की) करता येतो. त्याचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला किमान जीपीए (सरासरी ग्रेड) २.४ आणि अनिवासीला २.८ ही कागदावरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात लागणारा आकडा मेजरप्रमाणे बराच वर जातो.

अर्ज भरताना भाषेची चौथी पायरी ‘स्प्रिंगमध्ये नियोजित’ अशी दाखवायची असते. जानेवारीत फॉलच्या ग्रेड आणि स्प्रिंगचे विषय पुन्हा कळवावे लागतात. त्यानंतर वर्ग रद्द झाला किंवा तुम्ही सोडलात तर गप्प राहू नका, प्रवेश कचेरीला लगेच लिहून पर्याय सांगा. प्रवेश त्या विषयांच्या भरवशावर मिळालेला असतो.

उत्तरं एप्रिलअखेर येतात. जुलैच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक कॉलेजचं अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट पोहोचायला हवं. भाषेच्या मेजरला तिकडे गेल्यावर बहुधा प्लेसमेंट परीक्षा होते, म्हणून मे ते सप्टेंबर भाषा बंद ठेवू नका. प्रत्येक वर्गाचा सिलॅबसही पीडीएफ करून ठेवा. कोर्स कुठल्या पातळीचा होता यावर वाद आला तर विभाग तोच मागतो, आणि शिक्षक सोडून गेले की जुना सिलॅबस मिळवणं अवघड होतं.